उभीवाला आणि आडवीवाला

दर चार वर्षांनी ऑगस्ट महिन्यात पॅरिसच्या नैऋत्येला असलेल्या रांबुये गावातून सहा हजारांहून जास्त सायकली सुटतात. पश्चिमेला पार अटलांटिकच्या काठावर ब्रेस्त बंदर आहे. त्याला शिवायचं आणि परत रांबुयेला यायचं. एकूण पल्ला सुमारे १२०० किलोमीटर. वेळ जास्तीत जास्त ९० तास, आणि जेवण, झोप, पंक्चर, पोटाच्या तक्रारी सगळं त्यातच बसवायचं. ‘पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस’ १८९१ मध्ये सुरू झाली तेव्हा ती चुरशीची शर्यत होती. पहिला आलेला शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांनी परतला होता. आता तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आलात की पास. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या सायकलवाल्यांना हे नाव नवं नाही. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या, बीआरएम म्हणतात त्या पात्रता-स्वाऱ्या पुऱ्या केल्या की या स्वारीचं दार उघडतं, आणि त्या दारातून आत गेलेली मराठी माणसं आता बरीच आहेत.

शर्यत नाही, म्हणून सायकल कशी असावी याबद्दलही तिथे फार सोवळं नाही. माणसाच्या पायांवर चालली म्हणजे झालं. त्यामुळे ‘विशेष सायकलीं’ची एक वेगळी तुकडीच सुटते. तिच्यात दोघांनी मिळून मारायच्या टँडेम असतात, तीनचाकी असतात, माशासारखं कवच चढवलेल्या असतात. आणि काहींवर माणूस चक्क मागे रेलून, पाय समोर करून, आरामखुर्चीत पेपर वाचावा तशा थाटात पेडल मारत असतो. या शेवटच्या जातीला रिकम्बंट म्हणतात. मराठीत तिला नाव पडलेलं नाही, कारण नाव पडण्याइतकी ती आपल्या रस्त्यांवर दिसत नाही. या प्रकरणापुरतं मी तिला आडवी म्हणतो आणि आपल्या ओळखीच्या, खाली वळलेल्या हँडलच्या रोड बाइकला उभी.

आता असं समजा, की सारख्याच दमाचे दोन मित्र आहेत. एक उभीवर, एक आडवीवर, आणि दोघं एकाच रस्त्यानं बरोबर निघाले. बहुतेक जण विचारतात, आधी कोण पोचेल? माझा हिशेब असा, की रस्ता फार घाटाचा नसेल तर दोघं पाच-दहा मिनिटांच्या फरकानं पोचतील. मात्र दिवसभरात एकमेकांशी बोलायला त्यांना जेमतेम अर्धा तास मिळेल.

हे असं का, ते कळायला आधी आडवी हातात घेऊन बघायला हवी. मी एकदा घेतली होती, परदेशातून आणलेली एका मित्राची, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वॉचमनकाकांनी खुर्ची सरकवून घेतली आणि विचारलं, “साहेब, ही चालवायची आहे का झोपायची?” पहिली दहा मिनिटं ती चालवायचीही नव्हती आणि झोपायचीही. उभीवर तोल सांभाळायला आपण नकळत सगळं अंग वापरतो, कंबर इकडे, खांदा तिकडे. आडवीवर पाठ सीटला टेकलेली, त्यामुळे ते सगळं बंद. तोल फक्त हँडलनं सांभाळायचा, तोही सावकाश. घाबरून हँडल गच्च धरलं की सायकल सापासारखी वळवळते. शिवाय थांबण्याआधी गिअर हलका केला नसेल तर पुन्हा निघणं मुश्कील, कारण पेडलवर उभं राहून वजन टाकायची सोयच नाही. लहान बुटकी आडवी असेल तर वळताना पुढचं चाक टाचेला घासतं. पंधराव्या मिनिटाला मात्र मी पार्किंगला एक अख्खी फेरी मारली, आणि त्या फेरीत मला बिल्डिंगचा सातवा मजला दिसला. उभीवर मला आजवर पुढचं चाकच जास्त दिसत आलं आहे.

यंत्र म्हणून दोघींमध्ये फरक थोडा आहे. पेडलं पुढे गेल्यामुळे आडवीची चेन नेहमीच्या दोन-अडीच चेन जोडाव्यात इतकी लांब होते. तिला वाटेत एखाद्या कप्पीवरून आणि नळीतून न्यावं लागतं. पाठ टेकायची सीट, लांब सांगाडा, जास्तीची चेन या सगळ्यानं वजन वाढतं. चांगली उभी आठ-नऊ किलोंत मिळते, आडवी सहसा बारा ते पंधराच्या घरात जाते. बाकी चाकं, ब्रेक, गिअर, टायर सगळं ओळखीचंच. दोघींतला खरा फरक लोखंडात किंवा कार्बनमध्ये नाही, माणूस वाऱ्याला कसा सामोरा जातो त्यात आहे.

सपाट रस्त्यावर सायकलवाला मुख्यतः हवेशी भांडत असतो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगानं मोडायचा असल्यामुळे लागणारी शक्ती आठपट होते. म्हणूनच ताशी १५ किलोमीटरवरून २० वर जाणं सोपं वाटतं आणि ३० वरून ३५ वर जाताना जीव जातो. उभीवर माणूस कितीही वाकला तरी छाती, पोट, हात, मांड्या एकावर एक रचल्यासारखे वाऱ्याच्या आड येतात. आडवीवर तेच शरीर पायांच्या मागे लपतं. वाऱ्याला जाणवणारं क्षेत्रफळ धरायचं तर ब्रेकवर हात ठेवून बसलेल्या उभीवाल्याचं सुमारे ०.३५ चौरस मीटर आणि साधारण उंचीच्या आडवीवाल्याचं ०.२४ धरू. माणूस ७५ किलोंचा, उभी ९ किलोंची, आडवी १४ किलोंची, रस्ता बरा. ताशी ३० किलोमीटरसाठी उभीवाल्याला सुमारे १५५ वॅट लागतात आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग निव्वळ हवा खाते. त्याच वेगाला आडवीवाला सव्वाशे वॅटमध्ये जातो. त्यानंही १५५ वॅट लावले तर तो ३३ वर पोचतो. समोरून वारा असेल तर फरक आणखी वाढतो. ज्यानं भर उन्हाळ्यात दुपारी पुणे–सोलापूर रस्त्यावर वाऱ्याशी डोकं आपटलं आहे, त्याला ताशी तीन किलोमीटर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

मग सगळे आडवीच का चालवत नाहीत? याचं एक उत्तर चढावर आहे, त्याकडे येतोच. दुसरं उत्तर पॅरिसच्या एका वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल-शर्यतीच्या ट्रॅकवर, आहे आणि ते जास्त रंजक आहे.

शार्ल मोशे हा पायांनी चालवायच्या छोट्या गाड्या बांधणारा फ्रेंच कारागीर. मुलगा जॉर्ज लहान होता, सायकल धोक्याची म्हणून आईला नको होती, तेव्हा मोशेनं त्याला पेडलची चारचाकी करून दिली. ती इतकी पळाली की मोशेनं मोठ्यांसाठी दोन माणसांची ‘वेलोकार’ काढली. मंदीच्या काळात, मोटार परवडत नसलेल्या लोकांनी ती घेतली. वेगात वळताना मात्र चारचाकी कलंडायची. मोशेनं मग ती मधोमध कापावी तशी निम्मी केली, आणि दोन चाकांवरची आडवी तयार झाली. ती चालवायला त्याला फ्रान्सिस फोर मिळाला. हा दुसऱ्या फळीचा शर्यतपटू, नामांकितांच्या यादीतला नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच अडचणीची ठरली.

एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम तेव्हा स्वित्झर्लंडच्या ऑस्कर एगच्या नावावर होता, ४४.२४७ किलोमीटर, १९१४ पासून. ७ जुलै १९३३ रोजी फोर आडवीवर बसला, खरं तर पडला, आणि तासाभरात ४५.०५५ किलोमीटर गेला. एकोणीस वर्षं टिकलेला विक्रम दुसऱ्या फळीच्या माणसानं उताण्यानं मोडला. पुढच्याच महिन्यात मोरिस रिशारनं उभीवर ४४.७७७ किलोमीटर करून एगचा तोच विक्रम मोडला. म्हणजे आता दोन विक्रमवीर झाले, आणि खरा कोण हे ठरवायचं काम यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आलं. मोशे बेसावध नव्हता. अशी सायकल नियमांत बसते का हे त्यानं आधीच विचारून घेतलं होतं, आणि तिला मनाई नव्हती. हवेला फसवणारं कवच-बिवच तिच्यावर काही नव्हतं. दोन चाकं, चेन, पेडल, माणूस. त्याच वर्षी पोल मोराँनं मोशेच्या आडवीवर पॅरिस–लिमोझ ही रस्त्यावरची शर्यतही जिंकली होती, म्हणजे ट्रॅकवरचीच करामत म्हणून सोडून देण्याचीही सोय उरली नव्हती.

१९३४ च्या फेब्रुवारीत मतदान झालं. ५८ मतं एका बाजूला, ४६ दुसऱ्या. आडवी हरली. १ एप्रिलपासून शर्यतीच्या सायकलीची नवी व्याख्या लागू झाली. पेडलचा आस जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटरवर असावा, सीटचं टोक त्या आसाच्या १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त मागे नसावं, वगैरे. आडवीवर बंदी असं कुठे म्हटलेलं नाही. सायकल म्हणजे काय एवढंच सांगितलं, आणि त्या सांगण्यात आडवी बसत नव्हती. मोशे त्याच वर्षी वारला.

या निर्णयाला कट म्हणायचा मोह होतो, आणि आडवीचे भक्त म्हणतातही. मला तो कट वाटत नाही. सायकलची शर्यत माणसांची असावी, यंत्रांची होऊ नये, ही भीती खोटी नव्हती. सामान्य वकुबाचा खेळाडू निव्वळ बसण्याची पद्धत बदलून दिग्गजांच्या पुढे गेला, याचा धसका त्या ५८ जणांनी घेतला असेल तर नवल नाही. पण किंमत मोठी पडली. शर्यतीत नाही म्हणून मोठ्या कंपन्यांनी बनवली नाही, बनवली नाही म्हणून महाग राहिली, महाग आणि विचित्र म्हणून कुणी घेतली नाही. उभी दरवर्षी हलकी, सुबक, स्वस्त होत गेली. आडवी हौशी वेल्डरांच्या गॅरेजमध्ये राहिली. १९३९ च्या मार्चमध्ये फोरनं आडवीवर कवच चढवून तासाला ५०.५३७ किलोमीटर केले. कवचाचा फायदा सोडून दिला तरी आकड्याकडे बघा: उभीवर एडी मर्क्स १९७२ मध्ये ४९.४३१ पर्यंत आला, आणि पन्नाशी ओलांडायला १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझेर यावा लागला. आडवीच्या पंथाला पुन्हा जीव आला तो सत्तरच्या दशकात, कॅलिफोर्नियात. तिथे चेस्टर काइल आणि त्याच्या मित्रांनी कसलीही व्याख्या नसलेल्या शर्यती सुरू केल्या. आज नेवाडातल्या बॅटल माउंटनच्या सरळ रस्त्यावर कवचात बंद आडव्या पळवतात. २०१६ मध्ये कॅनडाचा टॉड रायकर्ट तिथे ताशी १४४.१७ किलोमीटरवर गेला. पण त्या सायकलीला सोडायला आणि पकडायला माणसं लागतात. चहाला थांबता येत नाही अशा वाहनाला मी आपल्या दोन मित्रांच्या स्वारीत धरत नाही.

तर परत त्या दोघांकडे. चढ लागला.

चढावर वेग इतका पडतो की हवा जवळजवळ बाजूला होते आणि वजन पुढे येतं. आडवीचे पाच किलो जास्तीचे इथे भरायचे. शंभर मीटर पुढे गेल्यावर चार मीटर वर नेणारा, म्हणजे चार टक्क्यांचा चढ घ्या. दोघांनीही १५० वॅट लावले तर उभीवाला ताशी १३.३ किलोमीटरनं चढेल, आडवीवाला १२.९ नं. फरक फार वाटत नाही ना? पण चढावर दोघांना १५० वॅट लावता येत नाहीत. उभीवाला हँडल ओढतो, पेडलवर उभा राहतो, सगळं वजन एका पायावर टाकतो, एक स्नायू थकला की दुसरा कामाला लावतो. आडवीवाल्याला एकच चाल: हलका गिअर आणि भराभर पाय. पाठ टेकलेली असल्यामुळे तो पेडलला कचकून रेटू शकतो हे खरं, पण तसं केलं की गुडघे बोलायला लागतात. शिवाय ताशी आठ-दहाच्या वेगात आडवीचा तोल सांभाळण्यातही थोडी ताकद जाते. नवख्याचं तर विचारूच नका, मांड्यांचे जे भाग आयुष्यात कधी कामाला लावले नव्हते त्यांना तयार व्हायला काही महिने लागतात. म्हणून चढावर आडवीवाल्याचे दहा टक्के वॅट कमी धरू. मग त्याचा वेग ११.६ वर येतो. पाच किलोमीटरच्या चढाला उभीवाल्याला साडेबावीस मिनिटं, आडवीवाल्याला जवळपास सव्वीस.

माथ्यावर उभीवाला पाणी पिऊन, फोटो काढून, जांभई देऊन झाल्यावर मित्र येतो आणि न थांबता पुढे निघून जातो. कारण उतार सुरू झालेला असतो. चार टक्क्यांच्या उतारावर पेडल न मारता उभी ताशी ४२ वर स्थिरावते, आडवी ५३ वर. उभीवाल्याच्या कानाजवळून एक खुर्ची सुं करून जाते.

इथे बहुतेकांची फसगत होते. चढावर ताशी दीड-दोन किलोमीटर गमावले आणि उतारावर अकरा कमावले, म्हणजे आडवीचा फायदाच, असं वाटतं. पण हिशेब वेळेचा करायचा असतो. पाच किलोमीटरचा उतार उभीवाल्याला सात मिनिटांचा आणि आडवीवाल्याला पावणेसहा मिनिटांचा. म्हणजे चढावर गमावलेली सव्वातीन मिनिटं, उतारावर कमावलेलं जेमतेम सव्वा. माणूस रखडतो तिथे जास्त वेळ असतो आणि पळतो तिथे कमी, त्यामुळे पळण्यातली कमाई रखडण्यातल्या तोट्याला पुरत नाही. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी आणि परत, अशी स्वारी असेल तर मी डोळे झाकून उभी घेईन. उरलेला तोटा भरून निघतो तो सपाटीवर. वीस किलोमीटर सपाट जोडले की आडवीवाला तिथे चार मिनिटं मिळवतो आणि सगळा जमाखर्च जवळजवळ बरोबरीत येतो.

पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसचा रस्ता मात्र घाटाचा नाही आणि सपाटही नाही. ब्रिटनीत शिरल्यावर तर जमीन गोधडीसारखी होते. एक लहान उतार, लगेच लहान चढ, पुन्हा उतार. सगळ्यात उंच जागा रॉक ट्रेव्हेझेल, तीही चारशे मीटरच्या आतच. पण अशा चढउतारांची बेरीज १२०० किलोमीटरमध्ये दहा हजार मीटरच्या वर जाते. इथे पदार्थविज्ञानाचा एक छोटा नियम आडवीच्या मदतीला येतो. उतारावर कमावलेला वेग पुढच्या चढावर खर्च करता येतो, आणि तो किती उंचीपर्यंत पुरेल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. ४२ चा वेग, वाटेतली गळती सोडली तर, सायकलला सात मीटर उंच नेऊ शकतो. ५३ चा वेग अकरा मीटर. पुढची टेकडी तीस मीटरची असेल तर तिचा तिसरा हिस्सा आडवीवाल्यानं पाय न हलवता चढलेला असतो. उरलेल्या वीस मीटरमध्ये उभीवाला त्याला हळूहळू गाठतो, माथ्याच्या आसपास मागे टाकतो, आणि पुढच्या उतारावर ती खुर्ची पुन्हा सुं.

हे दिवसभर. सारख्या दमाचे दोन सायकलवाले एका दुपारी एकमेकांना पंचवीस-तीस वेळा ओलांडतात. पहिल्या चार-पाच वेळा हसतात, हात करतात. मग नुसती मान हलवतात. तिसऱ्या तासाला उभीवाल्याला वाटायला लागतं, हा मुद्दाम करतोय. मुद्दाम कुणीच करत नसतं. दोघं आपापल्या सायकलीला रुचेल तसं चालवत असतात, आणि त्या दोन रुची एका रस्त्यावर जुळत नाहीत. जुळवायचंच ठरवलं तर उभीवाल्याला उतारावर जीव तोडून पेडल मारावं लागतं, किंवा आडवीवाल्याला ब्रेक लावावा लागतो. ब्रेक लावला की पुढच्या टेकडीचे ते फुकटचे अकरा मीटर गेले.

एकमेकांच्या आडोशाला राहण्याचंही तसंच. दोन उभीवाले एकामागे एक लागले तर मागच्याचे पाव हिस्सा कष्ट वाचतात. लांबच्या पल्ल्यात हीच मैत्री असते. आडवीच्या मागे लागलेल्या उभीवाल्याच्या वाट्याला आडोसा असा येतच नाही. पुढच्याचं डोकं याच्या पोटाच्या उंचीवर, वाऱ्याचा सगळा मारा छातीवर. उलट आडवीवाला उभीच्या मागे लागला तर त्याला आडोसा मिळतो, पण समोर दिसतं फक्त मित्राचं मागचं चाक आणि त्यावरून उडणारं पाणी. शिवाय आडवीचा सगळ्यात पुढचा भाग म्हणजे बहुधा चाक नसून पेडलं असतात. आपली पावलं आधी आदळणार, या जाणिवेनं माणूस आपोआप अंतर राखून राहतो. मोठ्या घोळक्यात आडवीला घेताना जुने जाणते नाकं मुरडतात. त्यात थोडा तिरस्कार असेल, पण बराचसा हा आडोशाचा व्यवहार असतो. जो आडोसा देत नाही त्याला रांगेत कोण घेणार?

पहिल्या रात्रीनंतर हिशेब हवेकडून शरीराकडे जातो. उभीवर माणसाचं वजन तीन ठिकाणी वाटलेलं असतं: बूड, तळहात, तळपाय. चारशे किलोमीटरनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळहाताच्या कडेची नस तासन् तास दाबली गेलेली असते. काहींची बोटं पुढे कित्येक आठवडे शर्टाचं बटण लावायला कुरकुरतात. बुडाबद्दल सभ्य भाषेत जेवढं लिहिता येतं त्यापेक्षा ते जास्त दुखतं. सगळ्यात वाईट मानेचं. वाकून बसायचं आणि डोकं वर धरून रस्ता बघायचा, असं अनेक दिवस केलं की मानेचे स्नायू एका क्षणी संप करतात आणि डोकं छातीवर पडतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीनं पुरी केलेली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत या दुखण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या मायकेल शर्मर या सायकलपटूवरून त्याला ‘शर्मर्स नेक’ असंच नाव पडलं आहे.

आडवीवाल्याला यातलं काही होत नाही. त्याची मान, हात, बूड सुखात. म्हणून बरेच आडवीवाले हौसेनं आडवे झालेले नसतातच. कुणाची मानेची गादी सरकलेली, कुणाच्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं, कुणाला डॉक्टरांनी सायकल बंद सांगितलेली. अशी माणसं आडवीवर परत रस्त्यावर येतात. पण तिचीही दुखणी आहेत. पाय हृदयाच्या जवळपास उंचीवर राहिल्यानं बोटं बधिर होतात, तळवे पेटतात. पाठीला हवा लागत नाही, म्हणून घामानं सीट भिजते. पाऊस उभीवाल्याच्या पाठीवर पडतो, आडवीवाल्याच्या थेट तोंडावर आणि मांडीवर. भारतात तर दुपारी ऊन डोळ्यांत शिरतं, टोपीला लांब झापड लावल्याशिवाय इलाज नाही. आणि मध्यरात्री तीन वाजता, एकसुरी रस्त्यावर, पाठ टेकलेली असताना झोप न येऊ देणं ही वेगळीच साधना आहे. पॅरिस–ब्रेस्तच्या वाटेवर पहाटे रस्त्याकडेच्या गवतात सायकलवाले मुडद्यासारखे पडलेले दिसतात. त्यात दोन्ही पंथांचे असतात.

आपल्या रस्त्यांवर आडवी चालेल का, असं मला नेहमी विचारतात. हायवेवर छान चालेल. हायवे सोडला की पहिल्या गावाच्या वेशीवर स्पीडब्रेकर येतो, पांढरे पट्टे नसलेला, कुणा तरी शेतकऱ्याच्या रागातून तयार झालेला. उभीवाला तो दिसताच बूड उचलतो, गुडघे सैल करतो, सायकल खालून जाऊ देतो. आडवीवाल्याला बूड उचलता येत नाही. दणका मणक्यात. खड्डा चुकवायला चाक उडी मारून काढणं तर विसराच. एसटीच्या धुराची नळी तोंडाच्या पातळीवर, कुत्र्यांचे दात खांद्याच्या. ट्रकवाल्याला आपण दिसतो की नाही ही शंका सतत असते, म्हणून बहुतेक जण मागे काठीवर लाल झेंडा लावतात. गंमत अशी, की चालवणारे सांगतात, गाडीवाले त्यांना उभीवाल्यांपेक्षा जास्त जागा सोडतात. काय आहे ते बघायला गाडी हळू करतात आणि खिडकीतून मोबाइल बाहेर येतो. सुरक्षेचा हा प्रकार कुठल्या शास्त्रात बसतो मला माहीत नाही, पण चालतो.

पॅरिस–ब्रेस्तच्या वाटेवर ठिकठिकाणी कंट्रोल असतो, बहुधा एखाद्या शाळेत. तिथे कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, पोटात काही टाकायचं, निघायचं. कठड्याला उभ्या सायकली एकावर एक टेकवलेल्या असतात, कोळ्यांनी होड्या ओढून लावाव्यात तशा. आडवी त्यांच्यात टेकत नाही, तिला कोपऱ्यात निराळी जागा बघावी लागते. आपल्या दोघा मित्रांची खरी भेट होते ती इथेच, हातात सूपाची वाटी घेऊन, एकाच लांब टेबलापाशी. आडवीवाला बाकावर ऐसपैस बसून खातो. उभीवाल्याला तो शेजारी बस म्हणून जागा करून देतो, पण तो बसत नाही. तो उभ्यानंच खातो.